खाणारा गडी

आमच्या ईट गावात मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. जळालेली पाण्याची मोटार मी नवी तार भरून संध्याकाळपर्यंत चालू करून देतो, आणि पंगतीत बसलो की मला कोणी हरवू शकत नाही. पहिली ओळख मी कमावली. दुसरी गावानं दिली. ती परत कशी करायची हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे ज्यांना लोक ‘खाण्याचा शौकीन’ म्हणतात आणि जे घरी जाऊन दार लावून रडतात, त्यांच्यासाठी. मी बरा झालोय असं समजून वाचू नका. मी उपचार घेतोय. आत्तासुद्धा हे लिहिताना समोरच्या टपरीवर भजी तळायला घेतलीत आणि माझं निम्मं लक्ष तिकडं आहे.

पंगत

लग्नाच्या मांडवात मी शिरलो की वाढपी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. "दत्ताभाऊ आलं रं, बादली हिकडंच ठिव." मग पैज लागायची. समोरचा कोणी पैलवान असो की कॉलेजातला पोरगा, जिलब्या मोजल्या जायच्या, आणि शेवटी मीच जिंकायचो. वडील हयात होते तेव्हा मिशीला पीळ देत म्हणायचे, "आमचं दत्ता दगूड बी पचवंल." आई घरी आल्यावर मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची. खाणाऱ्या पोराला लोकांची नजर लागते म्हणे.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शाळेत मी कशातच पहिला नव्हतो, पंगतीत होतो. आपल्याकडं जास्त दारू पिणाऱ्याला लोक नावं ठेवतात, जास्त खाणाऱ्याला मात्र फेटा बांधतात. ‘अति तिथं माती’ ही म्हण आमच्या गावाला पाठ आहे, पण ती जेवणाला कोणी लावत नाही.

शटरमागचं खाणं

पंगतीतलं खाणं लोकांना दिसायचं. दुसरं कोणालाच दिसायचं नाही.

माझं मोटार दुरुस्तीचं दुकान स्टँडच्या रस्त्याला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मी शटर अर्ध्याच्या खाली ओढायचो, म्हणजे लोकांना वाटावं भाऊ जरा लवंडलेत. आत बसून खारी, टोस्ट, फरसाण, पेढे, ब्रेडवर साखर, जे असेल ते. एकदा काहीच नव्हतं तर कोरडे पोहे साखर घालून खाल्ले. भूक असायची असं नाही. बऱ्याचदा घरून जेवून आलेलो असायचो. पहिले चार घास चव लागायची, त्यानंतर नुसता हात चालायचा. पोट दगडासारखं व्हायचं, श्वास लागायचा, खाली वाकून मोटारीचा नट काढता यायचा नाही, तरी हात चालूच. मोटारीवर लोड वाढला की स्टार्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि मोटार वाचते. माझा स्टार्टर ट्रिपच व्हायचा नाही.

गावात एकाच दुकानातून एवढं घेतलं तर बोभाटा होणार. म्हणून शेतावर मोटार उतरवायला गेलो की त्या त्या गावातून घ्यायचो. "पाव्हणे आल्यात," असं न विचारता सांगायचो. पुडक्यांचे कागद भंगाराच्या तांब्याच्या पोत्यात खाली दाबायचो. मग स्वतःला शिव्या. मग शपथ, की उद्यापासून बंद. सकाळी चहासुद्धा घ्यायचो नाही, दुपारपर्यंत उपाशी राहायचो आणि मनात म्हणायचो, बघ, जमतंय. दुपार झाली की हात शटरकडं जायचा.

असं किती वर्षं चाललं ते मला नीट सांगता येणार नाही. आपण यात अडकलोय हे कळायलाच बराच काळ गेला. त्याआधी मला फक्त एवढंच वाटायचं, की आपण हलकट आहोत.

भंगाराचं पोतं

एक दिवस मी बाहेर असताना भंगारवाला आला. माझी बायको सुनीता दुकानात होती. त्यानं वजन करायला पोतं उपडं केलं. तार थोडी आणि कागदच जास्त.

मी आलो तेव्हा तिनं ते कागद नीट गोळा करून टेबलावर ठेवले होते. तिनं विचारलं, "कुनाला खाऊ घालताव एवढं? नाव सांगा फकस्त."

तिला वाटलं माझं बाहेर कुठंतरी आहे. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. बाई ठेवल्याचा आळ मला परवडला असता. त्या गोष्टीला निदान गावात नाव आहे. मी काय करत होतो त्याला नावच नव्हतं.

"म्याच खाल्लं," मी म्हणालो.

"घरी तीन भाकरी खाऊन जाताव तुमी."

"त्याच्यावर खाल्लं."

बाईचं नाव सांगितलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं. यावर काय करायचं हे तिला कळेना.

तिनं तिच्या परीनं उपाय केला. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. दुसऱ्या दिवशी आईला चहाला साखर हवी होती. घरची मोठी बाई, तिला सुनेपुढं हात पसरावा लागला. आईचा भडका उडाला. "खात्या लेकराच्या तोंडाला कुलूप लावती व्हय गं? माज्या घरात कंदी मांजराला सुदीक न्हाय म्हनलं न्हाय!" सुनीतानं उलट उत्तर दिलं नाही, पण किल्लीही दिली नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. "तुज्या बायकूला म्हनावं," "तुमच्या आईला सांगा." मी मधे बसून मान हलवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भांडणाचं मूळ मीच होतो, आणि ते आईला सांगायची माझी छाती होत नव्हती.

कुलपामुळं माझं खाणं थांबलं का? घरातलं थांबलं. शटरमागचं दुप्पट झालं.

निदानाचा दिवस

तालुक्याला, भूमच्या डॉक्टरांनी वजन बघून भात बंद, गोड बंद, संध्याकाळचं जेवण बंद असं सांगितलं होतं. मी ते अगदी इमानदारीनं पाळलं. आणि जितकं पाळलं तितकं एका दुपारी वसूल केलं. सुनीता डबा घेऊन आली तेव्हा मी तारेच्या वेटोळ्यांशेजारी जमिनीवर पडलो होतो, घामानं शर्ट चिंब, बोलता येत नव्हतं. तिला वाटलं हार्ट अटॅक. शेजारच्याची जीप करून तिनं मला थेट धाराशिवला नेलं.

ईसीजी चांगला निघाला. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"वरण-भात. जरासाच," मी म्हणालो.

सुनीतानं पिशवी उघडली आणि त्यांच्या टेबलावर रिकामी पुडकी एकेक करून मांडली. मला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरांनी पुडक्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चिठ्ठीवर मनोविकार विभागाचं नाव लिहिलं.

म्हणजे वेडाचा दवाखाना, असंच मी समजलो. बाकावर तोंडाला रुमाल बांधून बसलो. तरी आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी मला ओळखलंच. "काय दत्ताभाऊ, हिकडं कसं काय?"

"पंखा बगायला बोलिवलंय," मी म्हणालो. डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "म्या बी असंच." मग आम्ही दोघंही आपापल्या नंबराची वाट बघू लागलो. तो माणूस मला त्या दिवशी सख्ख्या भावासारखा वाटला.

आतल्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. मला वाटलं आधी वजनकाट्यावर उभं करतील. त्यांनी काट्याचं नावच काढलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणी बघत नसताना तुम्ही कसं खाता?"

किती खाता, काय खाता, लाज वाटत नाही का, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. कसं खाता हे कोणी विचारलं नव्हतं. मी शटरचं सांगितलं. कोरड्या पोह्यांचं सांगितलं. सांगता सांगता रडायला लागलो, चांगला धाय मोकलून. सुनीता शेजारी होती. तिनं मला रडताना वडील गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "हा आजार आहे. याला बिंज इटिंग म्हणतात. तुम्ही हावरट नाही आणि वेडेही नाही."

हे ऐकून बरं वाटलं. ते एसटी स्टँडपर्यंत टिकलं. मग भीती वाटायला लागली. सवय असती तर सोडता आली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. आजार आहे म्हटल्यावर तो दिलासाही गेला.

कुलूप

मला वाटलं होतं कडक पथ्य देतील. झालं उलटंच. तीन वेळा जेवायचं, वेळेवर, पोटभर. उपाशी राहायचं नाही. भात खायचा, सणाला गोडही खायचं. जेवताना शेजारी कोणीतरी हवं. आणि कपाटाचं कुलूप काढायचं.

सुनीता जवळजवळ भांडायलाच उठली. "कुलूप काडलं तर ह्ये घर खातील, म्याडम."

"कुलूप लावल्यावर थांबले का?"

घरी आल्यावर तिनं गळ्यातली किल्ली काढून आईपुढं ठेवली. आईनं ती उचलून आपल्या कनवटीला लावली, आणि मग विचार करून कपाटालाच परत अडकवली. त्या दिवशी दोघींनी एकत्र चहा केला. मला त्यातला कप मिळाला, दोन बिस्किटांसकट. दोनच बिस्किटं खाणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, किंवा फार चांगलं कळेल.

लगेच बरं वाटेल अशी आशा ठेवू नका. एक गोळी चालू आहे. ठरलेल्या दिवशी धाराशिवला जातो, बोलतो, येतो. हात शिवशिवायला लागले की शटर पूर्ण वर करायचं आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचं, हे मी माझं मीच शोधलं. कधी जमतं. कधी शटर खाली येतं. खाली आलं की संध्याकाळी सुनीताला सांगायचं, एवढा नियम ठेवलाय. सांगताना ती भाकरी थापत असते, थापायची थांबत नाही. त्यानं मला बोलायला सोपं जातं.

‘जरा कंट्रोल करायचा की’ असं सांगणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अशा माणसाला मी एकदा म्हणालो, जुलाब लागल्यावर तुम्ही करता का कंट्रोल? तेव्हापासून त्याची मोटार तो दुसरीकडं नेतो. नेऊ दे.

धोंड्याचा महिना

आणि मग अधिक महिना आला.

आमच्याकडं या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरून उकडलेले धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. तीन वर्षांनी येणारा हा मान. माझी सासुरवाडी सास्तूर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं अर्धं घर गेलं. पत्र्याच्या शेडात राहताना बाहेरून आलेल्या गाड्यांपुढं ताटली घेऊन उभं राहावं लागलं, हे ते एकदाच माझ्याजवळ बोलले होते. पुन्हा घर उभं राहिल्यापासून त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. आणि त्यांच्या वाढण्याला न्याय देणारा जावई मिळाला तो मी. मागच्या धोंड्याला तर माझं खाणं बघायला भावकी ओसरीवर जमली होती. मामा प्रत्येक धोंड्याला मान वर करून सगळ्यांकडं बघायचे. परतताना मी मोटारसायकल तीनदा थांबवली होती, पोटाच्या कळेनं.

सुनीता म्हणाली, "ताप आलाय म्हनून सांगते. जाऊच नका."

नाही गेलो तर त्या म्हाताऱ्याचा अपमान. गेलो आणि खाल्लं तर महिन्यांची मेहनत मातीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. गेलो आणि नाही म्हणालो, तर ज्या एका माणसाला माझ्या खाण्याचा मनापासून आनंद होतो तो मी कायमचा गमावणार. पुढं आड अन् मागं विहीर. डॉक्टर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कधीतरी कोणाला तरी सांगावं लागेल. ते मामाच असावेत असं नाही." पण मला वाटलं, मामांना सांगता आलं तर मग सगळ्यांनाच सांगता येईल.

गेलो. टॉवेल-टोपी झाली, वाण झालं. मला पाटावर बसवलं. जावयाच्या पंगतीला तिथं दुसरं कोणी बसत नाही. सगळे उभे राहून वाढतात किंवा बघतात. ओसरीवर भावकी होतीच. मामांचे गुडघे दुखतात, तरी ते स्वतः वाकून वाढत होते. दोन धोंडे, वर तुपाची धार. मी सावकाश खाल्ले. तिसरा आला तेव्हा ताटावर हात धरला.

"हात काडा, जावईबापू."

"बास, मामा."

ओसरीवरून कोणीतरी म्हणालं, "दाजी लाजायलेत!" हशा झाला. मामाही हसले. धोंडा डावात तसाच धरून उभे. तूप माझ्या मनगटावर ठिबकत होतं. पोटात जागा होती. खरं सांगतो, मला तो धोंडा हवा होता, तो आणि भांड्यातले सगळे.

"मामा, मला आजार हाय," मी म्हणालो. "खान्याचाच."

"असला आजार आमाला बी हू द्या, देवा!" ओसरीवरून आवाज आला. पुन्हा हशा. दारात सुनीता उभी होती, ती हसली नाही. मामांनी तिच्याकडं बघितलं आणि मला विचारलं,

"साकर निगाली का?"

"न्हाय मामा. खायाला लागलो की थांबताच येत न्हाय. पोट फुटायला आलं तरी. दवाखाना चालू हाय."

ओसरीवरचं हसू हळूहळू विरलं. मामांनी डाव खाली ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं.

"मग मागल्या टायमाला... आमी वाढत व्हतो तवा बी तुमाला तरास व्हत व्हता?"

एवढ्या एका प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. ‘नाही’ म्हणायला काय जात होतं? म्हातारा खूश राहिला असता. पण नाही म्हणालो असतो तर त्यांनी पुढचा धोंडा वाढला असता, आणि मी खाल्ला असता.

"व्हय, मामा."

ते सरळ उभे राहिले. भिंतीला हात लावत आत गेले. मी पाटावर एकटा. जावयानं तसं मधेच उठायचं नसतं, आणि बसणंही जमेना. भावकी एकेक करून चपला घालू लागली. मला वाटलं, गेलं सगळं. या घरात आता मला पाणी विचारतील, पण मायेनं कोणी वाढणार नाही.

मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक रिकामं ताट होतं. ते माझ्यासमोर ठेवून, गुडघे आवळत, मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी जेवताना पाहिलं नव्हतं. भांडं त्यांनी ओढून आमच्या दोघांच्या मधे ठेवलं, झाकण न लावता. स्वतःला एक धोंडा घेतला.

"तुमी बसा. आता म्या जेवतो," ते म्हणाले.

दात कमी झालेत, त्यामुळं ते फार सावकाश खात होते. एक घास, मग जरा थांबायचं, मग दुसरा. मी रिकाम्या ताटापुढं बसून बघत होतो. भांडं माझ्या हाताच्या अंतरावर उघडं होतं. त्यांनी मला वाढलं नाही आणि मी मागितलं नाही. एकदा माझा हात उचलला गेला, तो मी मांडीखाली घालून बसलो. मामांनी ते पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

त्यांचा धोंडा संपला. त्यांनी हात धुतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"झालं का, जावईबापू?"

"न्हाय झालं, मामा," मी म्हणालो. "पन उठतो."

आणि उठलो.